आमचं नेट म्हणजे तुमचंच नेट

झगाझीग, शनिवार

माझ्या थोरल्या काकांचे थोरले चिरंजीव आणि आमच्या सगळ्या खानदानाचा कुवेतमधला खांब, शुक्रीभाऊ यांस धाकट्या लुत्फीचा सलाम. (धाकटा म्हणजे आता बासष्टचा, पण तुमच्यापुढे मी अजून अर्ध्या चड्डीतलाच.) देवाच्या कृपेने तुमचा गुडघा आता जिना चढत असेल, वहिनींची साखर उतरली असेल, आणि तुमच्या करीमने मिशी काढली असेल. इन्साफ रोज तुमची आठवण काढते. मीही काढतो, पण बायकोसारखं मोठ्याने काढत नाही, एवढंच.

तुम्ही म्हणाल, हल्ली पत्र कोण लिहितं, बोल की फोनवर चेहरा दाखवून. दाखवला असता हो! पण आमचा या महिन्याचा इंटरनेटचा कोटा संपलाय. आज तारीख चौदा. पुढचा कोटा सात तारखेला. मधले दिवस आम्ही नोहाच्या नौकेत बसल्यासारखे बसून आहोत. हाजी सालिम उद्या कुवेतला परत निघालेत, त्यांच्या हाती हे पाकीट देतोय. (त्यांना वाचून दाखवू नका. त्यांची सून दमियातची आहे, आणि या पत्रात दमियातकरांच्या कंजूषपणाबद्दल मी जे लिहिणार आहे ते त्या घरात पोचलं तर मला तिथून लग्नाचं बोलावणं येणार नाही.)

तुमच्या कुवेतला नेट म्हणे चोवीस तास वाहतं आणि कोणी मोजत नाही. इथे तसं नाही, हे तुम्ही विसरला असाल म्हणून सांगतो. इथे महिन्याला एकशे चाळीस गिगाबाइट मिळतात, आणि ते संपले की मामला खलास. माझी त्याबद्दल तक्रार नाही. मी एकतीस वर्षं पाटबंधारे खात्यात काढली. कालव्याचं पाणी कोणाला, कोणत्या दिवशी, किती तास, हे ठरवण्यात माझे केस गेले. तेव्हा नेट घरात आलं त्याच दिवशी मी भिंतीवर पाळीपत्रक लावलं. रविवार-मंगळवार इन्साफची मालिका, तीही अंधुक चित्रात. (हिरोचं नाक दिसलं नाही तरी चालतं, रडणं ऐकू येतं ना?) सोमवारी माझ्या बातम्या. आणि शुक्रवारी दुपारी चार ते पाच राखीव. त्या तासाला या घरात कोणी नेटला हात लावायचा नाही, मग सरकार पडो की छप्पर पडो.

शुक्रवारचं कारण तुम्हाला माहीत आहे, तरी पुन्हा सांगतो, कारण मला ते सांगायला आवडतं. आमचा वाएल बायको-पोरीला घेऊन जर्मनीला गेला त्याला सहा वर्षं झाली. जुमाना तेव्हा तीन वर्षांची होती, माझ्या खांद्यावर झोपायची. सहा वर्षांत एकदाही येणं जमलं नाही त्यांना. आधी कागदपत्रं, मग नोकरी, मग तिकिटांचे भाव. फोनवर बोलायचो, पण त्याला काय बोलणं म्हणायचं! "कशी आहेस राणी?" "हम्दुलिल्लाह." "शाळा?" "हम्दुलिल्लाह." "जेवलीस का?" "हम्दुलिल्लाह." एखाद्या शेखला फोन लावावा तसं व्हायचं. पोरीची अरबी आटत चालली होती, आणि मी काठावर उभा राहून बघत होतो.

मग दोन वर्षांपूर्वी वाएलच्या डोक्यात आलं की त्याचं जुनं प्लेस्टेशन आमच्याकडे पडलंय, जुमानाकडे नवं आहे, दोघांनी फुटबॉल का खेळू नये? कानाला ते मोठे हेडफोन लावले, हातात कंट्रोलर घेतला, आणि पहिल्याच सामन्यात दुसऱ्या मिनिटाला या आजोबाच्या कानात आवाज आला, "जिद्दो, पळ! अरे पळ ना गाढवा!" भाऊ, मी रडलो. इन्साफ धावत आली, म्हणाली, नातीनं गाढव म्हटलं आणि हा म्हातारा डोळे पुसतोय. म्हटलं, अगं, तिला गाढव येतं! म्हणजे सगळं अजून आत आहे, फक्त बाहेर काढायला कोणीतरी नीट वाईट खेळायला पाहिजे. आणि वाईट खेळण्यात मी कमी पडणारा नाही. तेव्हापासून दर शुक्रवारी मी हरतो आणि ती बोलते. शिव्या, टोमणे, शपथा, "देवा, मला उचल" वगैरे सगळं. परवा तर तिने मला तिच्या पणजीची एक म्हण ऐकवली, तीही बरोब्बर जागी. अख्खा आठवडा मी त्या तासावर काढतो, खोटं कशाला बोलू.

तर गेल्या महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी आमचं नातरत्न म्हणतं, "जिद्दो, मला वाढदिवसाला यंदाचा नवा खेळ मिळाला. जुन्यात मी आता येणार नाही." मी म्हटलं, छान, मी जुन्यात असेन, तू नव्यात, भेटू मध्ये कुठेतरी. तर म्हणे तसं भेटता येत नाही. नव्यातले नव्यात आणि जुन्यातले जुन्यात. दोन आठवडे थांबते म्हणाली, तेरा तारखेच्या शुक्रवारपर्यंत. त्यानंतर तिला एका स्पर्धेत उतरायचंय आणि जोडीदार पाहिजे. "तू नाही आलास तर मी हेर डीटरबरोबर खेळेन."

हेर डीटर कोण, असं तुम्ही विचाराल. (हेर म्हणजे तिकडचे श्रीयुत, गुप्तहेर नव्हे.) मीही विचारलं. त्यांच्या खालच्या मजल्यावर राहणारा निवृत्त गृहस्थ. माझ्याच वयाचा. त्याच्या घरी नेट काचेच्या तारेतून येतं म्हणे, आणि तो दर महिन्याला एक नवा खेळ सहज, भाजी आणावी तसा आणतो. दोन रात्री मला झोप लागली नाही. माणसाची बायको दुसऱ्याबरोबर गेली तर लोक सहानुभूती तरी दाखवतात. नात दुसऱ्या म्हाताऱ्याबरोबर फुटबॉल खेळायला गेली, हे मी कॉफीहाउसात कोणत्या तोंडाने सांगणार होतो?

मग गेलो स्टेशनामागच्या नस्सीफच्या दुकानात. नवा खेळ मागितला. त्याने किंमत सांगितली, मी म्हटलं, मला एक पाहिजे, डझन नको. तो म्हणाला, उस्ताद, ही एकाचीच आहे. माझ्या पेन्शनची निम्मी! वर पुन्हा त्याने डॉलरवर, जहाजांवर आणि जकातीवर एक व्याख्यान दिलं, जसा काही मी डॉलर बुडवून आलोय. माझा चेहरा पाहून त्याला दया आली असावी. आवाज खाली आणून म्हणाला, "अख्खा कशाला घेता? वाटा घ्या." आता इथे लोक खेळही बकरीदच्या गायीसारखे घेतात, शुक्रीभाऊ. एक खातं, दोन मालक. दोघांनी आपापल्या घरी खेळ उतरवून घ्यायचा, फक्त एका वेळी एकानेच खेळायचं. दुसरा घुसला की पहिला बाहेर. मी विचारलं, माझा दुसरा वाटेकरी कोण? तर नस्सीफ म्हणतो, "गायीचा वाटा घेताना बाकीच्यांच्या कुंडल्या काढता का? परगावचा आहे, सज्जन आहे, शुक्रवारी दुपारी खेळत नाही. विचारून घेतलंय." मी वाटा घेतला. खात्याला नाव होतं 'झगाझीगचा वाघ ७७'. नाव बदलता येत नाही म्हणाला. मला कुठे बदलायचं होतं?

आता राहिलं उतरवून घ्यायचं. तो खेळ साठाच्या वर गिगाबाइट! म्हणजे महिन्याच्या पाण्यातलं निम्मं एकाच शेताला. पण मी हिशेबी माणूस. सात तारखेला नवा कोटा आला की पहिल्या दिवसापासून हळूहळू खेळ उतरवायचा, इन्साफची मालिका एक महिना बंद (तिला अजून सांगितलं नव्हतं), आणि तेराला चार वाजता मैदानात हजर. योजनेत एक भोक नव्हतं. भोक जिन्यात होतं.

सहा तारखेला संध्याकाळी मी जिना चढत होतो आणि वरच्या मजल्यावर नव्याने राहायला आलेला मुअल्लिम बदरावी उतरत होता. लाकडावर कोरीवकाम करणारा मुरलेला कारागीर, म्हणून मुअल्लिम, दमियातचा. इथल्या एका मोठ्या फर्निचरच्या दुकानाने त्याला बोलावून आणलंय. बायको-नवरा दोघंच. सलाम झाला, तब्येती झाल्या. मग तो उसासा टाकून म्हणाला, टेलिफोनवाले लाइन देत नाहीत, म्हणतात खांबावरच्या पेटीत जागा नाही, कोणी मेलं किंवा गाव सोडून गेलं तर बघू. आता मला सांगा, अशा वेळी आपला झगाझीगचा, शरकिया प्रांताचा माणूस काय म्हणेल? ज्यांच्या आजोबांनी रमजानात थांबलेल्या आगगाडीतले सगळे उतारू जेवायला उतरवून घेतले, इंजिनवाल्यासकट, त्यांचा नातू काय म्हणेल? मी छातीवर हात ठेवून म्हटलं, "मुअल्लिम, लाजवता काय? आमचं नेट म्हणजे तुमचंच नेट!"

तुम्ही इतकी वर्षं बाहेर आहात, पण रीत तुमच्या रक्तात आहे. नावाडी नदीच्या मध्यावर भाकरी खात असतो आणि काठावरच्याला ओरडतो, या जेवायला! काठावरच्याने छातीवर हात ठेवायचा, तुमच्या हाताला बरकत येवो म्हणायचं आणि वाट धरायची. कोणी कधी पोहत गेलाय का? शेकडो वर्षांत? बदरावी मात्र पोहत आला. खिशातून फोन काढला आणि म्हणाला, "देव तुम्हाला आयुष्य देवो, उस्ताद. पासवर्ड काय?"

मी दिला. काय करणार? जिन्यात आणखी दोन शेजारी उभे होते. घरी येऊन इन्साफला सांगितलं तेव्हा ती वांग्यात भात भरत होती. तिने हातातलं वांगं खाली ठेवलं. म्हणाली, "आपल्या लग्नात तुम्ही बँडवाल्यांना म्हणालात, घर तुमचंच आहे. ते दोन दिवस राहिले. तरी अक्कल आली नाही?" मी म्हटलं, अगं, दमियातकर आहे, पाहुण्याला विचारतात, जेवणार की हलक्या पोटीच झोपणार? असा माणूस वापरून वापरून किती वापरेल? हा माझा युक्तिवाद होता. लिहून ठेवा, पुढे कोणाला तरी उपयोगी पडेल.

सातला सकाळी कोटा आला. मी बिस्मिल्ला म्हणून खेळ लावला. संध्याकाळी पाहतो तर माझा उतरला सात टक्के आणि कोट्यातले गेले वीस गिगाबाइट! आठला माझे चौदा टक्के झाले, कोट्यातले पन्नास गेले. मी मनात म्हटलं, हा माणूस वर करतोय काय? रेल्वे चालवतोय? आयुष्यभर मी वरच्या अंगाच्या शेतकऱ्यांना मध्येच कालवा फोडताना पकडलं, दंड ठोकले, आणि म्हातारपणी स्वतःच्या घरात मी शेपटाकडचा शेतकरी झालो. आणि बोलायची सोय नाही! पासवर्ड बदलावा तर सगळ्या गल्लीत होईल, लुत्फीने दिलेलं काढून घेतलं. त्यापेक्षा आगगाडीखाली गेलेलं बरं.

म्हणून आडून आडून सुचवायला लागलो. जिन्यात गाठून म्हटलं, "मुअल्लिम, हल्ली नेट फार मंद चालतंय, नाही?" तर कपाळाला आठ्या घालून म्हणतो, "हो ना, मीच विचारणार होतो. तुम्ही तक्रार करा, उस्ताद. असं गप्प बसून कसं चालेल?" दुसऱ्या दिवशी मी राउटरच बंद करून ठेवला. दहा मिनिटांत दारावर थाप. बदरावी हातात पेचकस घेऊन उभा! "काही बिघाड झालाय का? बघू का उघडून?" माणूस इतका काळजीत होता की मीच त्याची समजूत घातली आणि राउटर लावून दिला. जाता जाता त्याने मला मोठा कोटा घ्यायचा सल्लाही दिला. फुकट.

मग इन्साफ म्हणाली, तुमच्यानं होणार नाही, बाजूला व्हा. तिने भरल्या वांग्यांचं ताट भरलं आणि वर पाठवलं. तिची कल्पना अशी की ज्याचं खाल्लं त्याचं मीठ तरी आठवेल, आणि माणूस आपोआप ओशाळून थोडं कमी उपसेल. ताट रिकामं परत येत नाही हे ती विसरली. तासाभरात ते दमियातच्या मुशब्बक मिठाईने भरून परत आलं, ताजी, साजूक तुपातली, आणि बरोबर निरोप, "उम्म हिशेबने हिशेब करू नये, आपण एकच घर." (इन्साफला सगळे उम्म वाएल, वाएलची आई, म्हणतात, पण बदरावीची बायको तिला उम्म हिशेब, हिशेबाची आई, म्हणते. पाळीपत्रक बघून गेली असावी.) आता गोडाचं खाल्ल्यावर तर तोंड उघडायचीच चोरी. आणि मुशब्बक इतकी चांगली होती, भाऊ, की दमियातला मी जे काही बोललोय त्यातलं निम्मं मागे घेतो. उरलेलं निम्मं खाली आहे.

बुधवारी अकरा तारखेला सकाळी कोटा शून्य. एकशे चाळीसच्या एकशे चाळीस, चार दिवसांत! माझा खेळ छप्पन टक्क्यांवर टांगलेला. दोन दिवसांनी शुक्रवार. मी खुर्चीत बसलो आणि मला डोळ्यांपुढे हेर डीटर दिसायला लागला, हेडफोन घालून, माझ्या नातीला जर्मनमध्ये पास देणारा. तेव्हा मात्र माझं डोकं फिरलं. इज्जत गेली खड्ड्यात, म्हटलं, आज बोलायचंच. सदरा घातला, बटणं वर-खाली लागली ती तशीच ठेवली, आणि वर गेलो.

दार बदरावीनेच उघडलं. माझ्याआधी तोच बोलला, चेहरा पार उतरलेला. "उस्ताद, नेट गेलं! आणि बघा हो, चार टक्क्यांसाठी अडकलं." असं म्हणून मला आत घेऊन गेला. टीव्हीवर पट्टी थांबलेली, शहाण्णव टक्के. वर खेळाचं चित्र, माझ्याच खेळाचं. आणि कोपऱ्यात खात्याचं नाव, 'झगाझीगचा वाघ ७७'.

शुक्रीभाऊ, मी ते नाव तीनदा वाचलं. मग विचारलं, मुअल्लिम, हा वाटा कुठून घेतलात? म्हणाला, स्टेशनामागे एक नस्सीफ म्हणून आहे, दुसरा वाटेकरी परगावचा सज्जन आहे म्हणाला, फक्त शुक्रवारी दुपारी खेळतो. मी म्हटलं, तो सज्जन तुमच्यापुढे उभा आहे. एकच गाय, एकाच घराच्या दोन मजल्यांवर, एकाच पाण्यावर, आम्ही दोघं दोनदा कापत होतो! बदरावी मटकन बसला. त्याची बायको करीमा स्वयंपाकघरातून आली, तिला कळलं, आणि ती हसायला लागली ती थांबेचना. मग मीही हसलो. बोलायचं म्हणून जे घोकून आलो होतो ते पार विसरलो.

मग बदरावीने मला एक गोष्ट सांगितली, मान खाली घालून. त्यांना मूलबाळ नाही. रोज संध्याकाळी दुकानातून आला की तो आणि करीमा खेळतात. ती गोलकीपर चांगली आहे म्हणे. "घरात थोडा आरडाओरडा होतो, उस्ताद. बरं वाटतं." मी त्याला जुमानाचं सांगितलं, हेर डीटरचंही सांगितलं. तो ताडकन उभा राहिला. "जर्मन? आणि आपण इथे बसून राहायचं?" त्याने लगेच तोडगा काढला, अगदी दमियातचा, कमीत कमी खर्चाचा. तुमचा छप्पनवर आहे तो सोडून द्या, माझे चारच टक्के राहिलेत, जादा कोट्याचं सगळ्यात छोटं पाकीट घेऊ, माझा पुरा करू, आणि शुक्रवारी तुम्ही वर येऊन खेळा. पैसे अर्धे अर्धे. मी काय बोललो असेन? सवयीने छातीवर हात ठेवला आणि म्हटलं, छे छे, अर्धे कसले, सगळे माझ्याकडून! बदरावी म्हणाला, "जशी तुमची मर्जी."

(हेच ते उरलेलं निम्मं.)

शुक्रवारी पावणेचारलाच आम्ही सगळे वर जमलो. इन्साफ फतीरच्या तुपाळ पोळ्या घेऊन, करीमा चहा घेऊन. बदरावीने माझ्यासाठी स्वतः कोरलेली खुर्ची मांडली, सिंहाच्या पायांची. चारला दोन मिनिटं असताना मी खेळात शिरलो. यादीत जुमानाचं नाव दिसलं, हिरवं. मी हाक मारली. पुन्हा मारली. मग कानात आला आवाज, "जिद्दो? आलास तू? मला वाटलं तू येणारच नाहीस!" मी म्हटलं, वेडी का खुळी, मी कसा येणार नाही? अन् सदऱ्याच्या बाहीने डोळे पुसले. बदरावी भिंतीकडे बघत बसला.

पहिल्या दहा मिनिटांत आमच्यावर चार गोल झाले. बदरावी मागे उभा राहून दातओठ खात होता. शेवटी त्याला राहवलं नाही. माझ्या कानावरचा हेडफोन ओढून त्यात ओरडला, "ए पोरी, तुमच्या जर्मनीत बचाव करतात की सोफ्यावर बसून बघतात?" मग जुमाना जी सुटली! तू कोण, तुझा संबंध काय, तुझा आवाज म्हशीसारखा का आहे, माझ्या जिद्दोला पास देता येत नाही त्याचा दोष मला का, स्वतः खेळून दाखव. अकरा मिनिटं, भाऊ! अख्खी वाक्यं, मधे एक जर्मन शब्द नाही. दमियातकराला शरकियाची पोर अरबीत सोलून काढत होती आणि तो हसत हसत तिला आणखी चिडवत होता. मी कंट्रोलर धरून नुसता ऐकत बसलो, तेवढ्यात आणखी दोन गोल झाले. सहा-शून्य हरलो. स्पर्धेतून बाहेर. इतक्या आनंदाने मी आयुष्यात काही हरलो नव्हतो. मी हळूच विचारलं, हेर डीटर कसा खेळतो? म्हणाली, "चांगला. पण तो ओरडतच नाही, जिद्दो. धक्का लागला तर सॉरी म्हणतो." बिचारा.

असो. पत्र लांबलं. तुमच्या गुडघ्याला माझ्याकडून सांगा, आता बास. वहिनींना, करीमला आणि त्याच्या मिशीला प्रेम. देव तुम्हाला भरल्या घरात ठेवो, आणि तुमची सावली आमच्यावर राहो.

तुमचा,
लुत्फी

ता.क. इन्साफने पत्र वाचलं. म्हणते, लग्नातले बँडवाले दोन नाही, तीन दिवस राहिले होते. दुरुस्ती करून घ्यावी. शिवाय पाळीपत्रकातून तिची मालिका काढण्याचा जो माझा गुप्त बेत वर लिहिलाय तो तिला आताच कळला. मी हे गच्चीवर बसून लिहितोय.

ता.क. दुसरा. पाकीट चिकटवलं होतं, पुन्हा फोडलं. एक गोष्ट वर लिहायची राहिली. राहिली म्हणजे, लिहायला भीती वाटली. काल खेळ संपल्यावर जुमाना म्हणाली, मला तुमच्या घरी बसून खेळायचंय. मी आपल्या रीतीप्रमाणे म्हटलं, ये की राणी, घर तुझंच आहे, उद्याच ये! आता आपल्यात याला उत्तर काय? देव तुमचं भलं करो, इन्शाल्ला, आणि झालं. पण पोरीला कोणी रीत शिकवलीच नाही. ती म्हणाली, "किती वाजता?" आज सकाळी वाएलचा साधा फोन आला. म्हणाला, बाबा, काय सांगितलंत तिला? कालपासून बॅग भरून दारात बसलीये. मी म्हटलं, मग बसवून कशाला ठेवतोस? फोनमध्ये कॅलेंडरची पानं चाळल्याचा आवाज आला. मग म्हणाला, जुलैत शाळेला सुट्टी आहे, तिकिटं काढतो. काढली, भाऊ. दुपारी पुन्हा फोन करून सांगितलं. सतरा जुलै. इन्साफ तेव्हापासून गाद्या उन्हात घालतेय, आणि सतरा जुलैला अजून दोन महिने आहेत.

ता.क. तिसरा, आणि पत्र खरं यासाठीच. तुम्ही जूनमध्ये येताना एक कंट्रोलर आणाल का? इथे तो मागायला गेलं की नस्सीफ पुन्हा डॉलरवर बोलतो. रंग कोणताही चालेल, फक्त नऊ वर्षांच्या हातात मावेल असा बघा. आमच्याकडे एकच आहे. आजवर एकच पुरायचा, दुसरा तिच्या हातात जर्मनीत असायचा. आता ती माझ्याशेजारी सोफ्यावर बसणार. आणि शेजारी बसून खेळायला नेट लागत नाही म्हणे. मी नस्सीफला तीनदा विचारलं. अजिबात लागत नाही.